तुम्ही विचारलंत म्हणून: उंच चौकीवरचा रोजा

“साहेब, एक विचारू का? फौजेत मुसलमानांना खरंच बरोबरीनं वागवतात का हो?”

मी निवृत्त झालो त्याला बरीच वर्षं झाली, पण हा प्रश्न काही पाठ सोडत नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला विचारतो. सकाळी फिरायला गेलो की ओळखीचे विचारतात. सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडावंदनाला बोलावतात, तिथं चहा घेताना गुरुजी विचारतात. काहींना विचारायचं असतं वेगळंच, “त्यांच्यावर भरवसा टाकता येतो का?” ते तोंडावर येत नाही म्हणून असं आडून विचारतात. मे २०२५ मध्ये कर्नल सोफिया कुरेशी यांनी ‘ऑपरेशन सिंदूर’ची माहिती पत्रकारांसमोर येऊन सगळ्या देशाला दिली, तेव्हापासून तर हा प्रश्न फारच वाढला.

मागे एकदा एका मुलानं विचारलं. अठरा-एकोणीस वर्षांचा, रोज पहाटे मैदानावर धावणारा, अग्निवीर भरतीची तयारी करणारा. मुसलमानाचा मुलगा. माझ्याबरोबर चार चकरा मारल्या तरी तोंड उघडेना. मग एकदम थांबून म्हणाला, “सर, तिकडं आमच्या लोकांना त्रास होतो का?” त्याला मी उभ्या उभ्या जे सांगितलं ते फार तोकडं होतं. म्हणून हे लिहितोय. त्याच्यासाठी, आणि तुम्ही विचारलंत म्हणून.

मी १९९० साली कमिशन घेऊन ग्रेनेडियर्सच्या एका पलटणीत दाखल झालो. पलटणीतल्या रायफल कंपन्यांपैकी एक मुसलमानांची होती. त्यात बहुतेक कायमखानी, राजस्थानातल्या झुंझुनू, चुरू, नागौरकडचे. पिढ्यान्‌पिढ्या फौजेत जाणारी माणसं. मला त्याच कंपनीत टाकलं. आमच्या घरी गौरी-गणपती, आजीचं सोवळं-ओवळं कडक. मशिदीची पायरी मी जन्मात चढलेलो नव्हतो. पहिल्या शुक्रवारी दुपारी कंपनीचे सूबेदार साहेब दारात येऊन उभे राहिले. “साब, जुम्मे की नमाज़ के लिए चलना है।” विचारत नव्हते, सांगत होते. मी बूट काढले, डोक्याला रुमाल बांधला आणि शेवटच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. मला नमाज येत नव्हती आणि कुणी शिकवायलाही आलं नाही. आपल्या माणसांबरोबर तिथं हजर असणं, एवढंच माझं काम होतं. बाहेर आल्यावर सूबेदार साहेब म्हणाले, “साब, जो कंपनी का मज़हब, वो कंपनी कमांडर का मज़हब।”

हे वाक्य त्यांचं एकट्याचं नव्हे. आपल्या फौजेत ही जुनी रीत आहे. आमच्याच पलटणीत जाटांच्या कंपनीचा कमांडर मुसलमान होता, लखनौचा. रविवारच्या मंदिर परेडला पुढच्या रांगेत तो. आरतीचं ताट आधी त्याच्या हातात. लेफ्टनंट जनरल सय्यद अता हसनैन पुढं श्रीनगरच्या पंधराव्या कोअरचे प्रमुख झाले. ते मुळात गढवाल रायफल्सचे, ज्यांची युद्धघोषणा ‘बोल बद्री विशाल लाल की जय’ अशी आहे. जयपूरच्या ६१ कॅव्हलरीत, आपल्या घोडदळात, राजपूत, कायमखानी आणि मराठे एकत्र असतात. हे बाहेरच्या माणसाला नवल वाटतं. आत गेलं की चार दिवसांत अंगवळणी पडतं.

त्या लखनौच्या मित्राला मी एकदा विचारलं होतं, आरती करताना मनाला काही वाटत नाही का? त्यानं लगेच उत्तर दिलं नाही. मग म्हणाला, “माझ्या आणि अल्लाच्या मधलं मी बघून घेईन. पण उद्या ही शंभर माणसं माझ्या एका शब्दावर गोळीपुढं जाणार आहेत. त्यांच्या देवापुढं मी त्यांच्यासोबत उभा राहिलो नाही, तर कुठल्या तोंडानं सांगू त्यांना ‘चला’?” प्रत्येकाला हे जमतं असं नाही, हेही सांगायला हवं. एका ख्रिस्ती अधिकाऱ्यानं रेजिमेंटच्या मंदिर-गुरुद्वारात गाभाऱ्यापर्यंत जायला नकार दिला, म्हणून त्याला सेवेतून काढलं. दिल्ली उच्च न्यायालयानं आणि मग सर्वोच्च न्यायालयानंही २०२५ मध्ये ते कायम ठेवलं. त्या अधिकाऱ्याची सदसद्विवेकबुद्धी खोटी होती असं मी म्हणणार नाही. ती बातमी वाचून मला वाईट वाटलं. पण जवानांच्या बाजूनं बघितलं तर कोर्टाचा निकाल मला पटतो.

आता रोज्याचं सांगतो. १९९१ सालचा रमजान मार्चच्या मध्याला लागला. आमची कंपनी नियंत्रण रेषेवर पीर पंजालच्या एका धारेवर होती, बर्फ अजून कंबरेएवढं. सूबेदार साहेबांनी मला रोजा धरायला सांगितलं नाही. उलट म्हणाले, “साब, आप खाना खाइए, आपको रात को गश्ती पार्टी लेके जाना है।” पण लंगरचा धूर दिवसभर बंद, अख्खी कंपनी उपाशी, आणि मी एकटा बंकरमध्ये बसून पुऱ्या खाणार? मी रोजा धरला. पहिल्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला डोकं असं ठणकलं की नकाशातल्या रेघा दोन-दोन दिसायला लागल्या. एक जवान येऊन नुसता शेजारी बसला. काही बोलला नाही.

चौकीवर पहाटे आणि संध्याकाळी ‘स्टँड-टू’ असतं. उजाडायच्या आधी आणि अंधार पडताना हल्ल्याची भीती सगळ्यात जास्त, म्हणून त्या वेळी प्रत्येक माणूस हत्यारासह मोर्चात उभा असतो. बघा म्हणजे, सेहरी, म्हणजे रोज्याआधीचं जेवण, संपते तीच पहाटेची वेळ आणि रोजा सुटतो तीच संध्याकाळची वेळ. जेवायला बसायचा प्रश्नच नाही. म्हणून प्रत्येकाच्या छातीवरच्या पाऊचमध्ये, मॅगझिनच्या शेजारी, कागदात गुंडाळलेली एक खजूर असायची. नजर समोरच्या उतारावर, बोट रायफलीवर.

रोजा सोडायची वेळ मौलवी साहेब खालून, पलटणीच्या मुख्यालयातून वायरलेसवर द्यायचे. पहिल्या संध्याकाळी वेळ झाली, सेटवर ‘इफ्तार’ हा शब्द आला, आणि आमच्या मोर्चातला एकही हात हलला नाही. मी सूबेदार साहेबांकडं बघितलं. त्यांनी हनुवटीनं पश्चिमेकडं खूण केली. सूर्य अजून दिसत होता. खालच्यांसाठी तो मावळला होता. आम्ही इतक्या उंचीवर की आमच्यासाठी अजून चार मिनिटं बाकी होती. समोर दिसत असताना मावळला असं म्हणायचं कसं? चाळीस माणसं, दिवसभराची उपाशी, खजूर मुठीत धरून ती चार मिनिटं उभी राहिली. मग सूर्याची कड बुडाली, सूबेदार साहेबांनी हळूच “बिस्मिल्लाह” म्हटलं आणि मोर्चात ओळीनं चाळीस तोंडं हलली. मग पुन्हा शांतता. अर्ध्या तासानं ‘स्टँड-डाउन’चा हुकूम झाला आणि मगच लोक गरम डाळ-रोटीकडं वळले.

ईदच्या दिवशी आमच्या चौकीवर पहाऱ्याला एकही मुसलमान नव्हता. शेजारच्या धारेवरून जाटांची एक प्लाटून रात्रीच चालत आली होती, पहारे घ्यायला. कुणी हुकूम काढला नव्हता. ते दर वर्षीचंच होतं. दिवाळीला आमची प्लाटून तिकडं जायची. त्यातला एक जाट हवालदार दिवसभर मोर्चात उभा राहिला आणि संध्याकाळी म्हणाला, “साब, सेवइयाँ बची हैं या तुम्हारे शेर सब खा गए?” बची थीं. त्याच्यासाठी वेगळी ठेवलेली होती.

तुम्ही म्हणाल, ही सगळी माणसं चांगली होती म्हणून झालं. होती चांगली. पण फौज माणसांच्या चांगुलपणावर विसंबून राहत नाही, हे मला त्या मुलाला सांगायचं होतं. फौजेत धर्माचा बंदोबस्त असतो, जसा राशनचा असतो, दारूगोळ्याचा असतो. पंडित, मौलवी, ग्रंथी, पाद्री ही पदं आहेत. त्यांची भरती होते, नायब सूबेदाराचा दर्जा मिळतो, पगार मिळतो, बदली होते. भरती झालेला जवान कसम परेडला शपथ घेतो ती आपापल्या धर्मग्रंथावर. श्रीनगरला जम्मू-काश्मीर लाइट इन्फंट्रीची, ज्यात निम्म्याच्या आसपास मुसलमान आहेत, ती परेड बघा: एकाच मैदानात कुराण, गीता, गुरू ग्रंथसाहिब. एका छपराखाली सगळ्यांचं ‘सर्वधर्म स्थळ’ हाही त्याच बंदोबस्ताचा भाग. आणि आपल्या पुण्यात फौजेची राष्ट्रीय एकात्मतेची एक संस्था आहे, तिथं हे सगळे धर्मगुरू एकत्र शिकतात. पुण्यातल्या किती लोकांना ती ठाऊक आहे?

तिथं शिकलेल्या एका पंडितजींना मी काम करताना पाहिलंय. बर्फाचा कडा कोसळून आमचा एक जवान गेला. मौलवी साहेब रजेवर होते. खालून चालत कोण वर आलं, तर पंडितजी, सहा तास बर्फ तुडवत. आम्ही देह एका बंकरमध्ये ठेवला होता, जागा मिळेल तसा. ते आत आले, हात जोडले, आणि पहिलं वाक्य बोलले ते हे: “सिर उत्तर की तरफ़ कीजिए, चेहरा पश्चिम को।” आमच्याकडंही गेलेल्या माणसाचे पाय दक्षिणेला करतात, आजीच्या वेळी पाहिलेलं मला तिथं आठवलं. पंडितजींनी पाणी गरम करायला लावलं, कापूर कुठल्या पेटीत आहे ते सांगितलं, आणि मग बाहेर जाऊन उभे राहिले. अंघोळ घालायचं काम त्याच्या लोकांचं, ते त्यांना माहीत होतं. जनाज्याची नमाज सूबेदार साहेबांनी पढवली. पंडितजी शेवटच्या रांगेच्याही मागं, टोपी हातात, बर्फात उभे होते.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला जड जातं. पण ते टाळलं तर वरचं सगळं अर्धवट राहील.

पुढं काही वर्षांनी, दुसऱ्या ठिकाणी, कंपनीतला एक जवान रजेवरून वेळेवर परतला नाही. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. रजा ओलांडणं हा फौजेत रोजचा गुन्हा आहे. कुणाची बस चुकते, कुणाच्या घरी वाटणीचं भांडण, कुणाची बायको अडलेली. पण तो काळ काश्मीरच्या बातम्यांचा होता, आणि चौथ्या दिवशी रात्री माझ्या मनात एक विचार येऊन गेला: हा कुठं गेला असेल? ‘का आला नाही’ असा नव्हे. ‘कुठं गेला असेल’ असा. ज्या माणसांच्या रांगेत मी खजूर मुठीत धरून उभा राहिलो होतो त्यांच्यातल्याच एकाबद्दल. मी तो विचार कुणाला बोललो नाही. एका सहकाऱ्यानं मात्र बोलून दाखवला, अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये, सगळ्यांसमोर, “त्याच्या गावाकडची माहिती काढायला हवी.” सीओसाहेब, म्हणजे पलटणीचे प्रमुख, जेवत होते. त्यांनी मान वर करून विचारलं, “मागच्या महिन्यात राजपूत कंपनीचा एक जण सहा दिवस उशिरा आला. त्याच्या गावाकडची माहिती काढलीस का?” पुढं कुणी काही बोललं नाही.

सहाव्या दिवशी तो जवान आला. आई दवाखान्यात होती. त्याची पेशी झाली, आणि सीओसाहेबांनी त्याला तीच सजा दिली जी राजपूत जवानाला दिली होती, एक दिवस कमी नाही, एक दिवस जास्त नाही. तो सॅल्यूट करून बाहेर पडला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर मला सुटका दिसली. त्याला सजेचं दुःख नव्हतं. रजा ओलांडलेला एक जवान, एवढाच तो होता. त्याहून जास्त कुणी त्याला ठरवलं नव्हतं. मी मात्र ठरवलं होतं, एका रात्रीपुरतं. ते मला आजही बोचतं.

म्हणून कुणी मला विचारलं की “मुसलमान सैनिकांनी काय केलंय सांगा”, तर मला नावांची यादी द्यायला आवडत नाही. यादी मोठी आहे. हवालदार अब्दुल हमीद आमच्याच रेजिमेंटचे, चौथ्या ग्रेनेडियर्सचे. १९६५ च्या सप्टेंबरमध्ये जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेनं त्यांनी पंजाबातल्या असल उत्तर गावाजवळ पॅटन रणगाडे उडवले. परमवीर चक्र मरणोत्तर मिळालं. कॅप्टन हनीफुद्दीन राजपुताना रायफल्सचे, ज्यांची घोषणा ‘राजा रामचंद्र की जय’. कारगिलच्या वेळी ते लडाखमधल्या तुर्तुकला पडले, देह कितीतरी दिवस बर्फात होता. सेनाप्रमुख मलिक भेटायला गेले तेव्हा त्यांच्या आईनं सांगितलं, माझ्या मुलाचा देह आणायला दुसऱ्या कुणाच्या मुलाचा जीव धोक्यात घालू नका. एअर चीफ मार्शल इद्रिस लतीफ हवाई दलाचे प्रमुख होते, आणि नंतर आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल. हे सगळं खरं आहे आणि ते मान खाली घालून ऐकावं असं आहे. पण हिंदू जवानाला कुणी असं विचारतं का, की तुझ्या धर्मातल्या कुणाला परमवीर मिळालंय ते दाखव, मग तुझ्यावर भरवसा ठेवतो? अब्दुल हमीद झाल्याशिवाय ज्याच्यावर विश्वास बसत नाही, त्याला बरोबरीनं वागवलं असं कसं म्हणता येईल? जवानाला साधा जवान असता आलं पाहिजे. कधी उशिरा येणारा, कधी परेडला मार खाणारा, कधी उत्तम नेमबाज, कधी नुसताच बरा.

तरी एका माणसाबद्दल सांगतो, कारण मराठी माणसाला ते ठाऊक असावं असं मला फार वाटतं. ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान. आझमगडचे. बलुच रेजिमेंटमधले; फाळणीत ती रेजिमेंट पाकिस्तानात गेली, हे गेले नाहीत. डोग्रा रेजिमेंटमध्ये आले. काश्मीरच्या लढाईत ५० पॅरा ब्रिगेड त्यांच्या हाती होती, आणि त्या ब्रिगेडमध्ये एक पलटण मराठ्यांची होती. डिसेंबर १९४७ मध्ये झांगर हे ठाणं हातचं गेलं. उस्माननी ठरवलं, ते परत घेईपर्यंत खाटेवर झोपायचं नाही. ऐन थंडीत जमिनीवर चटई टाकून झोपायचे. सहा फेब्रुवारी १९४८ ला नौशेरावर मोठा हल्ला झाला, तो त्यांनी परतवला. शत्रूनं त्यांच्या डोक्यावर पन्नास हजारांचं इनाम लावलं. मार्चमध्ये झांगर परत मिळालं, तेव्हा कुठं त्यांच्यासाठी गावातून खाट मागवली. तीन जुलैला तिथंच तोफेचा गोळा पडून गेले. छत्तीसावा वाढदिवस बारा दिवसांवर होता. महावीर चक्र मिळालं. दिल्लीत जामिया मिलियाजवळच्या कब्रस्तानात त्यांना पुरलं, अंत्ययात्रेला पंतप्रधान नेहरू होते. २०२० मध्ये त्या कबरीची मोडतोड झालेली दिसली आणि फौजेनं ती पुन्हा बांधून घेतली. आमची घरची आजी पानिपताची गोष्ट सांगताना इब्राहिमखान गारद्याचं नाव आलं की थांबायची, “भाऊसाहेबांना सोडून गेला नाही हो तो,” म्हणायची. आपल्या घरांत ही ओळख होतीच. मराठा पलटणींत एके काळी दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत. मधे आपण हे कधी विसरलो, कोण जाणे.

कमी कुठं पडतं तेही बघू. फौजेत मुसलमान कमी आहेत, हे उघड दिसतं. फाळणीत पंजाबी मुसलमानांच्या, पठाणांच्या कंपन्याच्या कंपन्या तिकडं गेल्या, आणि पायदळाची भरती जातिसमूहानुसार चालत आल्यामुळं ती जागा पुन्हा भरली नाही. २००६ साली, देशातल्या मुसलमानांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीनं फौजेकडं मुसलमानांची संख्या मागितली तेव्हा केवढा गदारोळ झाला! मीही चिडलो होतो, फौजेत धर्म मोजायचा नसतो म्हणून. आता वाटतं, तो मैदानावरचा मुलगा मोजतोच आहे. त्याच्या ओळखीतला कुणी आत गेलेला दिसत नाही, म्हणून तो विचारतो.

दाढीचंही आहे. शिखाला दाढी आहे, मुसलमान जवानाला नाही. हवाई दलातल्या एका सैनिकानं दाढी ठेवली म्हणून त्याला २००८ मध्ये कमी केलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१६ मध्ये तो हरला. ज्या धर्मात केस कापायला, दाढी करायला बंदी आहे त्यांनाच नियमात सूट आहे, आणि इस्लाममध्ये तशी बंदी असल्याचं दाखवता आलं नाही, असं कोर्टानं म्हटलं. कायद्यानं ते बरोबर आहे. पण ज्याला दाढी हवीच आहे त्याच्या मनाला ते लागतं, हेही मी पाहिलंय. नौदलात परवानगी घेऊन कुणालाही दाढी ठेवता येते. तसं सगळीकडं करायला काय हरकत आहे, असं माझं मत आहे. माझ्या बऱ्याच जुन्या मित्रांना ते मान्य नाही.

पण सगळ्यात मोठी कमतरता मला पलटणीच्या फाटकाच्या बाहेर दिसली. आम्ही एका शहराच्या छावणीत होतो. फॅमिली क्वार्टर मिळायला वेळ होता, म्हणून कंपनीतला एक हवालदार बाहेर खोली शोधत होता. बारा वर्षांची नोकरी, दोन मुलं, छातीवर मेडल्सच्या फिती. मला कळलं ते त्याची बायको-मुलं दहा दिवस युनिटच्या गेस्ट रूममध्ये राहिल्यावर. तो काही बोललाच नव्हता. घरमालक वर्दी बघून खूश व्हायचे, फौजी आहे, भाडं वेळेवर देईल. मग नाव विचारायचे. मग कुणाचे नातेवाईक राहायला येणार असायचे, कुणाला खोलीला रंग काढायचा असायचा. अशी तीन घरं झाली. चौथ्या घरी मी त्याच्याबरोबर गेलो, वर्दीत. घरमालक मेजरसाहेबांपुढं काही बोलू शकला नाही, तयार झाला. किल्ली पुढं केली. हवालदारानं ती घेतली नाही. रस्त्यावर आल्यावर म्हणाला, “साब, आपके कहने से मिला तो वो मकान आपका हुआ। मेरा नहीं।” बायको-मुलांना त्यानं गावी पाठवलं. पुढची दोन वर्षं बराकीत राहिला. मी त्याला काय म्हणणार होतो?

मैदानावरच्या त्या मुलाला मी म्हटलं, जा. भरती हो. आत गेलास की उस्तादाच्या शिव्या सगळ्यांना सारख्याच पडतात. कुणी नावावरून बोललं तर कंपनी कमांडरला जाऊन सांग. त्याचं ते काम आहे, उपकार नव्हेत. तो हसला आणि पुन्हा धावायला लागला. सोळाशे मीटरला त्याला अजून दहा सेकंद जास्त लागतात. सध्या त्याची चिंता तेवढीच असावी असं मला वाटतं.

आमचे सूबेदार साहेब आता झुंझुनूला असतात. वय झालं, कान कमी ऐकतात. पण रमजानच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन येतोच. वर्षातला तो एक रोजा मी अजून धरतो, त्यांना ठाऊक आहे. रमजान थंडीच्या दिवसांत आला की आमच्याकडं पुण्यात सूर्य त्यांच्यापेक्षा पंधरा-वीस मिनिटं उशिरा मावळतो. त्यांचा रोजा सुटलेला असतो, मागं घरातल्या पोरांचा गलका ऐकू येत असतो. तरी ते फोन ठेवत नाहीत. मी गच्चीवर उभा असतो, खजूर हातात. फारसं बोलणं होत नाही. मग मी सांगतो, “साब, डूब गया।” ते बिस्मिल्लाह म्हणतात. मी खजूर तोंडात टाकतो, आणि थोडा वेळ जाऊ देऊन ते तिकडून, कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात, म्हणतात, “ठीक है साब। स्टँड-डाउन।”